एकशे बारा

सोमवार, ३

पोचलो एकदाचा. बस दोन तास उशिरा, पिशवीचा बंद तुटलेला, पण खोली झकास. खाली मिस्तरींचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान, वर मी. खिडकीतून समोरच्या गच्चीवरची दोरी दिसते, तिच्यावर एकाच मापाचे सात पांढरे शर्ट. सात भाऊ असतील की एकच टापटीप माणूस, ह्यात अर्धा तास गेला. मिस्तरींचे हात हल्ली थरथरतात, म्हणून त्यांना माणूस हवा होता. मला काहीच येत नाही हे मी आधीच सांगून टाकलं. तर म्हणाले, बोटं तेवढी आण, डोकं आहे माझ्याकडे.

ताईला फोन करून शर्टांचं सांगितलं. ती हसली आणि पिशवी रिकामी केलीस का, विचारलं. पाच वर्षांतली ही माझी अकरावी नोकरी, तिचं तरी काय चुकलं.

मंगळवार, ४

पहिलं काम आलं. मागच्या गल्लीतल्या मावशींचा जुना भलामोठा टेपरेकॉर्डर, दोन स्पीकरचा, मुठीवरचा चंदेरी रंग पार उडालेला. आत एक कॅसेट. मावशींचा मुलगा माझ्यासारखाच पायाला भिंगरी असलेला. जायचा, यायचा. एकोणीस वर्षांपूर्वी गेला तो आलाच नाही. जाण्याआधी गंमत म्हणून त्याने ही कॅसेट भरली. आई, तू इतकी घोरतेस की शेजारी भिंत ठोकतात, असली थट्टा. फीत किती सरकली ते दाखवणाऱ्या आकड्यांच्या काट्यावर ००० ते ११२, एवढाच मुलगा शिल्लक. मावशी रोज दुपारी ऐकतात. आता आवाज घोगरा यायला लागलाय.

मिस्तरींनी दोनदा बजावलं, गिऱ्हाइकाची कॅसेट आधी बाहेर काढायची. चाचणी आपल्या कॅसेटवर.

बुधवार, ५

टेप वर खोलीत आणून उघडला. चौदा स्क्रू. कागदावर चित्र काढून ज्याच्या त्याच्या जागी ठेवले. आतला रबरी पट्टा वितळून डांबर झाला होता, बोटं अजून काळी आहेत. नवा बसवला, हेड स्पिरिटच्या बोळ्याने पुसलं.

चाचणीची कॅसेट खाली खणात होती. जिना उतरायचा कंटाळा केला. मावशींचीच परत घातली, म्हटलं दोन सेकंद तर ऐकायचंय.

प्ले दाबलं. काटा फिरतोय, आवाज नाही. सुटलेली तार शोधत होतो, तेवढ्यात ताईचा फोन. म्हणाली, किती दिवस टिकणार तिथे? मी म्हटलं, ह्या वेळी कुठ्ठे जाणार नाही, इथेच राहीन, शपथ. मग गप्पा रंगल्या.

फोन ठेवला तेव्हा काटा ०४० वर होता.

मिस्तरींनी वर येऊन आत पाहिलं. मी उघडताना रेकॉर्डिंगची आतली पट्टी सरकून मळात अडकली होती. अशा वेळी कुठलंही बटण दाबा, टेप भरतच जातो. ०४० पर्यंतचा मुलगा गेला होता. तिथे मी होतो. पुसलं ते पुसलं, म्हणाले. उद्या स्वतः जाऊन सांग.

गुरुवार, ६

पट्टी साफ करून टेप पोचवला. सांगणारच होतो. त्याआधी मावशींनी प्ले दाबलं. कुठ्ठे जाणार नाही, इथेच राहीन, शपथ. माझा आवाज. त्यांनी तीनदा लावलं. म्हणाल्या, हे पूर्वी कधी ऐकू आलं नव्हतं, मशीनच खराब होतं ना. माझा हात धरून बराच वेळ बसल्या.

नाही सांगितलं.

शनिवार, ८

मावशींनी बोलावलं. खूश होत्या. आता ०६१ पर्यंत माझा आवाज आहे. रेकॉर्ड कुणी केलेलं नाही, पट्टी मी पुन्हा उघडून पाहिली. त्यात सात पांढऱ्या शर्टांचं आहे. ते मी सोमवारी बोललो होतो, खोलीत. टेप दुकानात यायच्या आधी.

संध्याकाळी ताईने शर्टांचं काय झालं विचारलं. मला आठवेना. वहीत माझ्याच अक्षरात आहे म्हणून कळलं. मग मी तिला म्हणालो, तू इतकी घोरतेस की शेजारी भिंत ठोकतात.

ताई हसली. मग हसायची थांबली. म्हणाली, तुझा आवाज असा का येतोय?

सोमवार, १०

०८४ पर्यंत आता मी. पिशवी भरून सरळ बसस्टँड गाठला. तिकिटाच्या खिडकीशी गावाचं नाव सांगायला तोंड उघडलं आणि बाहेर आलं — इथेच राहीन. आतला माणूस म्हणाला, मग रांग कशाला अडवतोस?

तीनदा प्रयत्न केला. मागचे लोक हसत होते.

बुधवार, १२

मावशींसाठी चिठ्ठी लिहून नेली, सगळं कबूल केलं. चष्मा सापडत नाही म्हणाल्या. चष्मा डोक्यावरच होता. चिठ्ठीची घडी घालून टेपखाली ठेवली.

मिस्तरींना म्हटलं — लिहून दाखवलं — कॅसेट पुसून टाकू. ते म्हणाले, आता तू तिच्यात आहेस. पुसल्यावर काय उरेल, मला सांगता येणार नाही. वर बघितलं नाही त्यांनी.

गुरुवार, १३

१०३. ताईचा फोन. मी बोललो. ती ओरडली, कोण तुम्ही, माझ्या भावाचा फोन तुमच्याकडे कसा? मी बोलत राहिलो. सगळं मावशींच्या मुलाचंच — आई, येतो गं, काळजी करू नकोस —

ताईने फोन ठेवला.

शुक्रवार, १४

सकाळी ११०. आता आवाजच नाही. त्याचाही नाही. तोंड उघडलं की नुसती खरखर.

लिहिता येतंय. अजून.

दुपार. जिन्यावर पावलं. मिस्तरी खालून म्हणतायत, मावशी, नका जाऊ वर. मावशी टेप घेऊन आल्यात. बाळा, दार उघड, म्हणतायत. मी कडी लावलीय.

दाराबाहेर टेप ठेवल्याचा आवाज — प्ले —

माझा आवाज बाहेर. माझे ओठ इथे हलतायत, त्याच्याबरोबर. हात कडीकडे जातोय, डावा — उजव्याने लिहितोय —

ताई ही वही सापडली तर मला इथून घेऊन जा मला न्यायला ये मी कुठ्ठे जाणार नाही मी इथेच रा