आईच्या वाडग्यावरच्या काड्या

पिनांग, मलाया, वर्षाची शेवटची संध्याकाळ

आईला गुडघे टेकून बूनचा नमस्कार.

मी खुशाल आहे. चीनमध्ये जपानी फौज पार आपल्या गावापर्यंत पोचली म्हणे; बंदरावर लोक वाटेल ते बोलतात. तुझा खोकला कसा आहे? कोंबड्या अंडी देतात ना?

आज वर्षअखेरचं जेवण. लांबच्या माणसाचंही पान मांडायच्या रीतीप्रमाणे तुझ्या नावाने भाताचा वाडगा मांडला, जेवायच्या काड्या घेतल्या. खोलीतला सोबती तेक म्हणाला, “काड्या आडव्या ठेवू, की भातात उभ्या खोचू? घरून पत्र नाही, म्हणून विचारलं.”

उभ्या काड्या मेलेल्यांसाठी! मी वसकन ओरडलो, “जीभ झडो तुझी! म्हातारी मला शिव्या घालायला धडधाकट आहे!”

काड्या आडव्याच ठेवल्यात. भात कधीच निवला, पण वाडगा उचलवत नाही.

आई, एक ओळ तरी पाठव. शिव्याच लिही.

तुझा बून