टिनपाटलाचा आवाज

यवतमाळ,
१२ मे १९६३

प्रिय गोविंदा,

जय भीम. तुझं कार्ड दिवाळीत आलं, उत्तर आत्ता लिहितोय. मनातल्या मनात शिव्या देऊन झाल्या असतील तर पुढे वाच. आमची याडी बरी आहे. म्हातारी आई गुडघे धरून बसते, पण तांडा सोडून माझ्याकडे यायचं नाव काढत नाही. हे पत्र मात्र खुशालीचं नाही. तुझ्या बाबांबद्दल आहे. त्यांनी तुला यातलं अक्षरही सांगितलं नसणार, म्हणून मीच पहिल्यापासून सांगतो.

पुसदच्या बोर्डिंगात मी रेडिओ उघडून बसायचो आणि तू स्क्रू सांभाळायचास, त्यातले निम्मे हरवायचास. त्याच विद्येवर मी सध्या शेतीच्या प्रचारगाडीवर तात्पुरता मेकॅनिक आहे. गेल्या वर्षी आमच्या साहेबांनी कुठल्याशा परदेशी मासिकात यंत्राचा माणूस पाहिला आणि आपल्याकडेही असा बोलता माणूस हवा म्हणून हट्ट धरला. मी तेलाच्या डब्यांचा पत्रा कापून तो केला. छातीत भोंगा, खालचा जबडा तारेवर हलतो आणि तार पडद्यामागे माझ्या हातात. साहेबांनी त्याला कोरं धोतर आणि फेटा चढवला, तेव्हापासून गाडीवरचे सगळे त्याला टिनपाटील म्हणतात. पेरणीआधी सरकीला औषधाची भुकटी कशी चोळायची, एवढंच त्याने लोकांना सांगायचं.

पहिला आवाज आमच्या हेडक्लार्कचा टेपच्या फितीवर भरला. शुद्ध, स्वच्छ, आणि बातम्या वाचल्यासारखा. राळेगावच्या बाजारात मशीन लावलं. लोक आधी दचकले, मग हसायला लागले. पुढे बसलेल्या इंदूबाई नावाच्या म्हातारीने मोठ्यांदा विचारलं, "हा दम कायले घेत नाही वं? मुडदा बोलून राह्यला का?" झालं. अर्ध्या तासात गाडीपुढे फक्त दोन बकऱ्या उरल्या. साहेबांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की पुसदच्या प्रदर्शनापर्यंत हा माणसासारखा बोलला नाही, तर पत्रा भंगारात आणि तू घरी.

मी खूप डोकं लावलं. भोंगा बदलला, जबडा हलका केला, काही फरक पडेना. मग कळलं की दोष पत्र्यात नाही, बोलणाऱ्यात आहे. आपल्याकडचं कोणीतरी बोलायला हवं होतं. मी एसटी पकडून बोरखडीला तुझ्या बाबांकडे गेलो. त्यांनी तीस वर्षं गावात दवंडी दिली. 'पाटलाचा हुकूम हाय हो' म्हणून त्यांनी हाक घातली की ती नाल्यापलीकडच्या वावरात ऐकू यायची. छप्पन साली दीक्षा घेतली आणि त्यांनी डफडं चावडीवर नेऊन ठेवलं, हे तू मला सांगितलं होतंस. तरीही मी विचारायला गेलो, यावरून माझी अक्कल ओळख.

त्यांनी सरळ नाही म्हटलं. म्हणाले, "आता दुसऱ्याचा निरोप नाही सांगत, बापू." मी उठलो, चपला घातल्या, तेव्हा मागून आवाज आला. "सांगतो. पन शेवटी माहं नाव सांगीन. तीस वर्सं वरडलो, दरखेपी दुसऱ्याच्या नावानं. एक डाव आपल्या नावानं बोलतो." मी कबूल केलं. दुसरं काहीही त्यांनी मागितलं नाही.

आवाज भरताना मात्र पंचाईत झाली. माइक पाहिला की त्यांच्या तोंडून दवंडीच निघायची, तीच लांबलचक हाक. चार वेळा पुसून पुन्हा भरलं. शेवटी मी म्हटलं, काका, समोर गाव नाही, आपला गोविंदा बसलाय असं समजा. त्यांनी माइक जरा जवळ ओढला. मग अगदी हळू म्हणाले, "काय रे, जेवला का?" आणि थांबले. तुझ्या उत्तरासाठी थांबले रे. ती रिकामी जागा मी कापणार होतो, पण हात झाला नाही. पुढे सगळं सुरळीत गेलं. मध्ये खोकले, एकदा विसरले, 'हां, तर काय सांगत होतो' म्हणून परत आले. "भुकटी विषारी हाय बाप्पा, भाकर खाच्या आंदी हात धुजो." आणि अगदी शेवटी, ताठ बसून, "मी उकंडा सखाराम नगराळे, राहणार बोरखडी, सांगून राह्यलो."

साहेब ऐकून खूश झाले. फक्त शेवटचं वाक्य काढ म्हणाले. पुतळ्याला नाव कशाला? नाव ऐकलं की लोक जात हुंगत बसतील आणि भुकटी राहील बाजूला. त्याच वेळी त्यांनी माझा कायम नोकरीचा कागद वर पाठवतो असंही सांगितलं. मी ब्लेडने तेवढी फीत कापली. चांगली कापली, सांधा कोणाला ऐकू येणार नाही अशी. आणि काकांना कळवलं नाही. ज्या तांड्यातल्या माणसांना बाजारात कोणी नावाने हाक मारत नव्हतं, त्या तांड्यातल्या मी हे केलं.

पुसदला टिनपाटलाने नाव काढलं. "जेवला का?" म्हणताच शंभरेक माणसं एका सुरात "जेवलो, जेवलो" म्हणाली. आमच्या तांड्याचा लालसिंग नाईक तर उलट त्यालाच विचारायला लागला, तुले लेकरं किती. काकांना ज्याने कधी ओसरीवर बसू दिलं नाही, तो बोरखडीचा पाटील पुतळ्यापुढे मान डोलवत होता. काकाही आले होते, धुतलेलं धोतर नेसून, शेजारच्या दोघांना मुद्दाम सोबत घेऊन. बोलणं हात धुण्यापाशी संपलं आणि मी जबडा मिटवला. काका हलले नाहीत. सोबतच्यांना म्हणाले, "थांबा, अजून हाय." त्यांना वाटलं, काही चुकलं असेल. दुसऱ्यांदा लावलं तोवर ते उन्हात तसेच उभे होते. पुन्हा जबडा मिटला. सोबतचा एक जण हसला. काकांनी खांद्यावरचा दुपट्टा नीट केला आणि स्टँडच्या रस्त्याला लागले. मी पडद्याच्या फटीतून सगळं पाहत होतो आणि बाहेर आलो नाही. मला माझी लाज वाटते, गोविंदा.

त्यानंतर दोनदा बोरखडीला जाऊन आलो. त्यांनी पाणी दिलं, याडीचे गुडघे विचारले, तुझं पत्र येतं का विचारलं. मी माफी मागायला तोंड उघडलं की ते बैलाकडे बघायला उठायचे. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर मी सुटलो असतो.

आता पत्र कशासाठी ते सांगतो. काल मी ते वाक्य पुन्हा फितीला जोडलं. घाईत जोडल्यामुळे नावाच्या आधी जरा टक असं वाजतं, वाजू दे. येत्या एकवीस तारखेला महागावला टिनपाटील उभा राहणार आहे. साहेब पाहुण्यांना घेऊन पहिल्या रांगेत असतील आणि माझा कायमचा कागद अजून आलेला नाही. पुढे काय होईल ते मला माहीत आहे, त्याची काळजी तू करू नकोस. मी बोलावलं तर काका येणार नाहीत, आणि माझ्या शब्दावर त्यांनी यावं तरी कशाला? म्हणून तू रजा काढ, बोरखडीला जा आणि त्यांना घेऊन ये. ते म्हणतील, दोनदा ऐकलं, त्यात काही नाही. त्यांना म्हणावं, एक डाव अजून उभे राहा.

तुझाच,
हरिसिंग