कंपनीच्या घराची राखण

वरची वाडी, हिर्डोशीच्या वर
आषाढ चालू आहे. (वार विचारू नका, या पावसात सगळे वार सारखेच दिसतात.)

तीर्थस्वरूप ज्ञानोबामामांच्या चरणी भाचा रोहिदास याचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुमच्या गुडघ्याचं कसं आहे? मामींची साखर आटोक्यात आहे का, की अजून चहा बिनसाखरेचा आणि सोबत बिस्किटांचा पुडा असंच चाललंय? (हे त्यांना वाचून दाखवू नये.) इकडील सर्व क्षेम, असं लिहायची पद्धत आहे म्हणून मीही लिहितो; त्याचा फार अर्थ लावत बसू नका. फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. तर एक म्हणजे आमच्या घरचा फोन तुम्ही कित्येक वर्षांत उचललेला नाही. आणि दुसरं म्हणजे वाडीत मोबाईलला रेंज येते ती फक्त आमच्या घरामागच्या डोंगरावर, खडकापाशी, आणि त्या बाजूला पाऊल टाकायला सध्या माझी छाती होत नाही. का, ते पुढं येईलच. पत्र दुधाच्या टेम्पोवाल्या भिमाच्या हाती देतोय. तो नसरापूरला रोज येतो आणि कधी नव्हे ते वेळेवर येतो.

मी मुळातला घाबरट, हे तुम्ही मला विहिरीत पोहायला शिकवताना पाहिलंच आहे. त्यात भोरला सिमेंट-पत्र्याच्या दुकानात नोकरी. आमच्याकडे माणूस येतो तो घर बांधायला तरी येतो नाहीतर पडल्यावर तरी, आणि घर पडलेले जास्त बोलतात. दिवसभर ते ऐकून माणसाच्या मनात काय काय येतं. म्हणून वाडीत राहणाऱ्या आई-आबांसाठी मी आधी दोरखंड आणला, मग बॅटरी आणली, मग घराचे, जमिनीचे सगळे कागद प्लास्टिकच्या डब्यात घालून आईला सांगितलं की पळायची वेळ आली तर आधी हा डबा उचलायचा. दोरखंडावर आता धुणं वाळतं. बॅटरी आबा खेकडे धरायला नेतात. डब्यात आईनं कुरडया भरल्या आहेत, आणि कागद पूर्वी होते तिथंच आहेत, म्हणजे कौलांखाली, जिथं गळतं तिथं.

गेल्या वर्षी तालुक्याहून माणसं आली होती, डोंगराखालच्या वाड्यांना शहाणं करायला. त्यांनी चांगलं समजावून सांगितलं. झाडं कलायला लागली, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ झालं, जमिनीला भेग पडली, दारं चौकटीत अडकायला लागली, की समजायचं डोंगर हलतोय. मग शिट्टी वाजवायची आणि सगळं टाकून खाली शाळेत जायचं. घरटी एक शिट्टी दिली. आबांना ती फार आवडली. दुसऱ्याच दिवसापासून त्यांनी तिच्यावर शेळ्या वळवायला सुरुवात केली, आणि बाकीच्यांनीही त्यांचं पाहून तेच केलं. आता आमच्या वाडीत शिट्टी वाजली तर माणूस जागचं हलत नाही, शेळ्या मात्र धावत येतात.

या साऱ्या खुणा आता आमच्याकडे आल्या आहेत, मामा. मागचं जांभूळ कललं. आबा म्हणाले, बरं झालं, जांभळं हाताशी आली. झरा गढूळला, तर वर कुणाची तरी म्हैस बसली असेल म्हणाले. दार अडकायला लागलं तेव्हा म्हणाले, पावसाळ्यात लाकूड फुगतंच. (दार लोखंडी आहे. मीच आमच्या दुकानातून आणून बसवलं.) घरामागं उतारावर भेग पडली ती शिमग्याला बोटभर होती, आता तिच्यात करडाचा पाय जातो. आबांनी ती शेणमातीनं लिंपून घेतली, वर आईला म्हणाले, बघ आता दिसती का. आईनं बघितलं आणि म्हणाली, दिसती.

आता तुम्ही म्हणाल, दरसाल आषाढात दाजी खाली हिर्डोशीत कुंडलिकच्या पडवीत मुक्काम हलवतात, तसे यंदाही हलतील. तिथंच तर सगळा घोळ झालाय, आणि तो माझ्याच हातून झालाय. उन्हाळ्यात मी या घराचा विमा उतरवला. कुमार म्हणून भोरचा मुलगा आहे, विम्याचं काम करतो, सरळ मुलगा. त्याला मी वर घेऊन आलो. त्यानं घराचे फोटो काढले. आबा धुतलेलं धोतर आणि लग्नातला फेटा घालून दारात उभे राहिले, आईलाही शेजारी उभी केली, घर त्या दोघांच्या मागं जेमतेम दिसत होतं. कुमारनं सगळं नीट सांगितलं: आग, वीज, पूर, दरड, कशानंही घर गेलं तरी कंपनी भरपाई देणार. आणि जाता जाता, चहा पिऊन उठताना, सगळेच म्हणतात तसं म्हणाला, आबा, आता निवांत झोपा, तुमच्या घराची काळजी आता कंपनीला. एवढं वाक्य तो बोलला नसता तर मी हे पत्र लिहीत बसलो नसतो.

कारण आबांनी त्यावर पुष्कळ विचार केला. तुम्हाला माहीत आहे, तरुणपणी ते तुमच्याच नसरापूरच्या एका व्यापाऱ्याच्या शेळ्या निम्म्या वाट्यानं राखायचे. होतील ती करडं निम्मी त्याची, निम्मी आपली. आणि शेळी मेली तर तिचा कान मालकाला नेऊन दाखवायचा, नाहीतर मालक म्हणणार, तूच विकून खाल्लीस. एकदा बिबट्यानं शेळी नेली तेव्हा आबा सगळं रान पालथं घालून तिचा कान शोधून, फडक्यात बांधून नसरापूरपर्यंत चालत गेले होते. तर आबांच्या हिशेबानं विमा म्हणजे हाच वाटा. कंपनीनं घराची जोखीम घेतली म्हणजे घरात कंपनीचा वाटा आला, आणि आबा झाले राखणदार. आषाढ लागल्यावर मी त्यांना न्यायला आलो, वळकटी बांधायला घेतली, तर ती त्यांनी माझ्या हातातून काढून घेतली.

"दुसऱ्याची शेळी वाट्यानं आनायची आन पावसात सोडून आपुन पडवीत बसायचं व्हय रं? ही बेइमानी मला जमायची न्हाई."

मी म्हणालो, आबा, घर पडलं तर कंपनी पैसे देते, त्यासाठी आपण आत असावं लागत नाही. त्यावर म्हणाले, "आन कंपनीला दावायचं काय? घराला काय कान असत्यात? कुनीतरी सांगाया पायजे ना, असं असं झालं म्हनून." म्हणजे साक्षीला स्वतः आबा. दरड कोसळल्यावर आबा तिच्यातून बाहेर येऊन कंपनीला हकीकत सांगणार. मला हसू आलं, आणि हसता हसता मी तिथंच वळकटीवर बसलो.

तलाठी येऊन गेले. घर सोडायला रीतसर सांगितलं, नोटिशीवर सही मागितली. आबांनी त्यांना चहा पाजला आणि विम्याचा कागद पुढं केला, की यांना विचारा, हे हो म्हणाले तर आत्ता उतरतो. (हा कागद मात्र आईच्या कुरडयांतून वाचला आहे. आबांनी तो भोरवरून प्लास्टिकमध्ये मढवून आणलाय आणि दारावर लावलाय, लिंबू-मिरचीच्या शेजारी. अमावस्येला लिंबू बदलतं तेव्हा कागदालाही हळदकुंकू लागतं.) तलाठ्यांनी कागद वाचला, माझ्याकडं बघितलं, आणि ते खाली गेले. खालच्या आळीतली बाकी सगळी घरं शाळेत गेली आहेत.

आणि आता ऐका, शेळ्याही गेल्या आहेत. आबांनी स्वतः नेऊन त्या कुंडलिकच्या गोठ्यात बांधल्या. मी विचारलं, शेळ्या का हलवल्या? तर म्हणाले, त्यांचा विमा न्हाई, त्यांना कोन वाली हाय? सकाळी ते खाली जातात, शेळ्या चारतात, कुंडलिककडं भाकरी खातात आणि दिवस मावळायच्या आत चढ चढून पुन्हा वर येतात, राखणीला. विमा नाही ते जितराब सुरक्षित जागी आणि विमा आहे ती माणसं डोंगराखाली, असा आमच्या घरचा कारभार चालू आहे. दुकानात रजा टाकून मीही वर येऊन राहिलोय. प्रेरणा भोरहून निरोप पाठवते की तुम्ही तरी या, पोरगी विचारते. मी काय सांगू? म्हातारी माणसं इथं आणि मी तिथं पंख्याखाली, हे मला जमत नाही. इथं असून तरी मी काय करतो, तर रात्रभर डोंगराचा आवाज ऐकत पडतो. मला फार भीती वाटते, मामा. हे मी दुसऱ्या कुणाला लिहू शकत नाही.

आईला म्हणालो, तू तरी चल, मामांकडं सोडतो. तर म्हणाली, "ह्यास्नी सोडून एकटी म्हायेराला गेले तर लोक काय म्हनतील? म्हातारपनी नवऱ्यानं टाकली." मी म्हणालो, लोक शाळेत आहेत, बघायला कुणी नाही. म्हणाली, तरी.

असो. पत्र लिहिण्यास कारण की, मागच्या भिंतीतून पाणी येतंय, तेव्हा नसरापूरच्या बाजारातून एक मोठं मेणकापड घेऊन भिमाच्या टेम्पोत पाठवावं. मामींना नमस्कार, नूतनताई आली असेल तर तिलाही. चुकलं-माकलं पोटात घालावं.

आपला आज्ञाधारक भाचा,
रोहिदास

ता. क. मेणकापडासाठी एवढं लांबलचक पत्र कुणी लिहीत नाही, हे तुम्ही ओळखलंच असेल. खरं ते आता लिहितो. परवा मी कुमारला पुन्हा वर आणलं. त्यानं आबांना सांगितलं की कंपनीच आपल्या नावानं कुलूप लावते, राखणीची जबाबदारी संपली. (असं काही नसतं. कुलूप आमच्या दुकानातलं.) आबांना ते पटलं. एवढं पटलं की मला वाटलं सुटलो. मग आबा म्हणाले, दरसाल पावसापायी उतरतो त्ये येगळं, औंदा डोंगराला भिऊन उतरलो तर ज्ञानू म्हनंल, बघा, म्या काय म्हनलं हुतं.

तर मामा, अडलंय ते इथं. वास्तुशांतीच्या पंगतीत तुम्ही म्हणाला होतात, दाजी, घर झकास, पण डोंगराच्या तोंडात घास ठेवल्यासारखं बांधलंय. सगळी पंगत हसली. तेव्हापासून दर भाऊबीजेला आबा आईबरोबर तुम्हाला एकच निरोप पाठवतात, की सांग त्याला, घर उभं हाय. आता तुम्ही यावं, अंगणात उभं राहून म्हणावं की दाजी, मी चुकलो, घर भक्कम आहे. वर म्हणावं, राग सोडा आणि दसऱ्यापर्यंत आमच्याकडं पाहुणचाराला चला. आबा छाती काढून तुमच्याबरोबर उतरतील, आणि मागून आई उतरेल. तुम्ही तेव्हा बरोबर बोलला होतात. ते मला माहीत आहे, आईला माहीत आहे, डोंगराला तर आहेच. बरोबर असून चुकलो म्हणायचं म्हणजे किती अवघड, ते मला कळतं. मी तुमच्या पाया पडतो.

आणखी ता. क. वरचं आईला वाचून दाखवलं. म्हणाली, "ज्ञानू न्हाई यायचा. आमच्या बाच्या वळनावर गेलाय त्यो, मोडंल पन वाकायचा न्हाई." भाकऱ्या थापून झाल्यावर म्हणाली, "पन धाड पत्र."

शेवटचं ता. क. पाकीट चिकटवलेलं पुन्हा उघडलं. आबा शेजारी येऊन बसले आणि ज्ञानूला काय लिवतुयास म्हणून विचारलं. मला स्वतःच्या तोंडानं खोटं बोलता येत नाही, मी सगळं सांगितलं, माफीचंसुद्धा. वाटलं आता पत्र चुलीत जाणार. पण ते मागच्या दारातून उताराकडं बघत राहिले. मग म्हणाले, "लिव त्याला, यायचं तर ये म्हनावं. पन पाऊस उघडल्यावर ये. आत्ता वर चढू नगंस. डोंगराचा भरवसा न्हाई, उगा आपलं मानूस जायचं."

मामा, म्हणजे त्यांना सगळं कळतंय. उघडीपीची वाट बघू नका, हे वाचून झालं की लगेच निघा.