बाबांच्या यंत्राला चालेल ते

रविवार, एडवण

लाईट गेल्यावर घरात चालेल आणि कॅम्पिंगलाही नेता येईल असं हलकं पॉवर स्टेशन, म्हणजे उचलून नेण्याजोगी मोठी बॅटरी, मी जवळजवळ पक्कं केलं होतं. माझ्या बायकोने, मीनलने मात्र तिच्या बाबांना तेवढा वेळ सिलिंडरवर ठेवलं आणि त्यांचं ऑक्सिजनचं यंत्रच बोईसरच्या दुकानात आणलं. “आधी हे चालवून दाखवा.” हलकं लगेच बंद पडलं. मग जड लावलं. दुकानातली गर्दी ओसरली तरी मीनल यंत्रापासून हलली नाही. ते चालूच. मग तेच घेतलं. मला का नाही सुचलं हे?

संध्याकाळी घरी बाबांनी स्वतःच मेन स्विच पाडला. यंत्राचा आवाज तसाच. यंत्र लागल्यापासून ते घराबाहेर पडलेले नाहीत.

“आता लाईट गेली तरी भीती नाय,” ते म्हणाले. “तुमी किनाऱ्यावर तंबू ठोकाल तवा मलापण न्या.”