खालची उजवी दाढ

ता. ४, मंगळवार

धाकटे, आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. तिकडचं विचारत नाही, कारण तू न विचारताच सांगतेस.

काल तुझ्या नणंदेचा फोन आला होता. मला म्हणते, "अगंबाई, तुमच्या गोटीचा हात कापतो म्हणे? एवढ्या लहान वयात? कुणाला दाखवलंत का?" मी विचारलं, कुणी सांगितलं. तर म्हणे, तूच. नणंदेला सांगितलंस, शेजारणीला सांगितलंस, आणि ज्या चष्म्याच्या दुकानात पोरीला कामाला लावलंस त्या दुकानवाल्यालासुद्धा सांगितलंस. अगं, स्वतःच्या पोरीबद्दल अशी दवंडी पिटत कुठली आई फिरते? उद्या तिला कुणी सुईत दोरा ओवायला द्यायचं नाही. तुझ्या जिभेला हाड नाही हे तू तीन वर्षांची होतीस तेव्हापासून मला ठाऊक आहे, पण निदान माणूस बघून तरी बोलावं.

गोटीचा हात कापत नाही. हे लिहून भिंतीला लाव.

फोन का केला नाही म्हणशील. फोनवर तू मला बोलू देत नाहीस आणि मी तुला. म्हणून लिहितेय, माझ्या चौथीच्या अक्षरात. चुका मोजत बसू नकोस.

पाच महिने ती माझ्या घरात, माझ्या डोळ्यांसमोर मेण कोरत होती. दातांच्या लॅबमध्ये कवळ्या करत मला तेवीस वर्षं झाली. कापणारा हात मला पाठमोऱ्या माणसाचासुद्धा कळतो. आमच्याकडे नव्या आलेल्या बाया पहिल्या आठवड्यात मेण कमी आणि स्वतःचा अंगठा जास्त कोरतात. गोटीने एकदाही कापून घेतलं नाही.

तू म्हणशील, पोरीनेच तर सांगितलं. हो, सांगितलं. निकाल आला, लेखीत भरघोस मार्क आणि हातकामात शून्य, तेव्हा ती तुम्हा दोघांसमोर उभी राहून म्हणाली, "हात कापला, दाढ मोडली." तिने सांगितलं आणि तुम्ही मानलं. भाऊजी तर म्हणाले म्हणे, बरं झालं, कुणाच्या तोंडात मोडण्यापेक्षा तिथेच मोडली. विनोद चांगला आहे. दुसऱ्या कुणाच्या पोरीवर केला असता तर मीही हसले असते.

आणखी एक. तुझ्याकडे परत आल्यापासून ती माझ्या फोनला येत नाही. "मावशी, दुकानात गिऱ्हाईक आहे." रविवारीही गिऱ्हाईक? पण तू मध्ये पडून तिच्या कानाला फोन लावू नकोस. मी नुसतं सांगितलं.

ती परीक्षा काय असते तेच तुला कधी कळलं नाही, म्हणून सांगते. दातांच्या डॉक्टरकीला जायचं तर एक दिवस लेखी आणि दुसऱ्या दिवशी हातकाम. लेखीत मला कळेल असा एकच भाग होता, आकृत्यांचा. कागद दोनदा-तीनदा दुमडलाय, त्याला एक भोक पाडलंय, तर उलगडल्यावर भोकं कुठे कुठे दिसतील ते कागदाला हात न लावता सांगायचं. गोटी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी डोकं धरून बसायची. मी भांडी घासता घासता मागून बघायची आणि सांगायची, चार, दोन वर दोन खाली. ती पुस्तकाच्या मागे उत्तर बघायची. बरोबर! "मावशी, तूच बस ना परीक्षेला." मी म्हटलं, "बसले असते गं, पण माझं नाव लिहून होईपर्यंत यांची वेळ संपायची." एवढी हसली की चहा पुस्तकावर सांडला.

ते पाच महिने माझ्या घरात माणूस होतं.

हातकामाला मेणाची एक वडी देतात, काडेपेटीपेक्षा थोडी मोठी, एक सुरी आणि दीड तास. कुठली दाढ कोरायची ते कागदावर लिहून येतं. वडी एकच मिळते. बिघडली की संपलं.

दाढ तिला मी शिकवली. क्लासमध्येही शिकवायचे, पण तिथे साठ पोरं आणि एक मास्तर. खालच्या पहिल्या दाढेला वर पाच उंचवटे असतात. गालाच्या बाजूला तीन, जिभेच्या बाजूला दोन. गालाकडच्या तिनांतला अगदी मागचा तो सगळ्यांत लहान, शेंडेफळासारखा. मी म्हणायची, ही तुझी आई. गोटी तो शेवटचा उंचवटा कोरताना म्हणायची, "आई, हलू नकोस." झालेली दाढ ती अंड्यांच्या रिकाम्या ट्रेमध्ये ठेवायची, खाली चिठ्ठी, खालची उजवी, नाहीतर खालची डावी. एक ट्रे भरला, दुसरा आणला, तोही भरत आला होता.

आता हात दुखायला लागला. उरलेलं उद्या.

ता. ५, बुधवार

काल हात दुखतो असं लिहिलंय ते खोटं आहे. खोडत नाही, कागद खराब होतो.

नीट ऐक, मध्ये तोंड घालू नकोस. डॉक्टरांची चिठ्ठी लॅबमध्ये येते ती मालक वाचतात. माझ्यासमोर येतो तो प्लास्टरचा साचा, म्हणजे त्या माणसाच्या जबड्याची हुबेहूब नक्कल. त्यात जिथे दात नाही तिथे मी दात बसवते. उजवं-डावं लिहायची वेळ तेवीस वर्षांत माझ्यावर आली नाही. साचा टेबलावर माझ्याकडे तोंड करून ठेवलेला असतो. शेजारच्या बाईला मी म्हणते, उजवीकडची दाढ दे. तीही माझ्यासारखीच बघते आणि देते. आमचं कधी अडलं नाही, कुणाची कवळी परत आली नाही.

आता अशी समज, की तू माझ्यासमोर उभी आहेस, माझ्याकडे तोंड करून. माझ्या उजव्या हाताला तुझा कुठला गाल येतो?

डावा.

एवढंच आहे. मी तेवीस वर्षं माझ्या हाताने उजवं म्हणत आले, आणि डॉक्टर लोक पेशंटच्या हाताने म्हणतात. मी गोटीला प्रत्येक डावी दाढ उजवी म्हणून शिकवली आणि प्रत्येक उजवी डावी म्हणून. परीक्षेत आली खालची उजवी. तिने माझी उजवी कोरली.

आणि तिने मला विचारलं नव्हतं असं नाही. परीक्षेच्या दहा दिवस आधी पुस्तक घेऊन आली. "मावशी, यात उलटं दिलंय बघ. यांची उजवी म्हणजे आपली डावी." मी नुकती कामावरून आले होते, पायांचे खांब झाले होते. म्हटलं, "पुस्तक लिहिणाऱ्याने कधी कवळी केलीय का? मी हजारांनी केल्यात." पुस्तक मिटून गेली. दोन दिवसांनी पुन्हा आली, या वेळी मास्तरांचं नाव घेऊन. मग मात्र माझी सटकली. म्हटलं, "मास्तरांकडेच राहायला जा मग. चौथी शिकलेल्या बाईकडे कशाला राहतेस?" तिच्या हातातून पुस्तक ओढलं आणि कपाटावर टाकलं, पार मागे, स्टूल घेतल्याशिवाय तिचा हात पोचणार नाही असं.

स्टूल तिथेच होतं, धाकटे. कपाटाला टेकलेलं. तिने घेतलं नाही.

तिने माझ्यावर विश्वास ठेवला की नुसता माझा मान ठेवला, हे मला अजून कळलेलं नाही.

परीक्षेला मीच घेऊन गेले. दीड तास बाहेर बाकावर बसले. ती सगळ्यांच्या शेवटी आली. मी विचारलं, कशी झाली? "दाढ सुंदर झाली, मावशी." मग माझ्यासमोर येऊन उभी राहिली, माझ्या उजव्या गालावर हात ठेवला आणि म्हणाली, "तुझी ही बाजू उजवी ना?" मी म्हटलं, "मग काय डावी? परीक्षेने डोकं फिरलं वाटतं." ती हसली. म्हणाली, काही नाही गं, भूक लागलीय. आम्ही डब्यातली उकडलेली अंडी खाल्ली. माझं अंडं तिने सोलून दिलं.

आत इतरांच्या दाढा तिला दिसल्या असणार. पण तोवर वडी संपली होती.

मला तेव्हा यातलं काही कळलं नाही. निकाल आल्यावर तर मी भांडायलाच निघाले. तुम्हाला सांगितलं दाढ मोडली, मला सांगितलं सुंदर झाली, मला वाटलं तपासणाऱ्यांनीच लबाडी केली. ट्रेमधली सगळ्यांत चांगली दाढ चिठ्ठीसकट रुमालात बांधली आणि आमच्या लॅबला काम देणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. म्हटलं, यात खोट काढून दाखवा, असं कोरणाऱ्या पोरीला शून्य देणाऱ्याचं मला एकदा तोंड बघायचंय. त्यांनी दाढ बोटांत फिरवली. "फार सुरेख आहे हो. कुणी केली?" मग चिठ्ठी वाचून हसल्या. "पण ही डावी आहे." मी म्हटलं, उजवी. "तुमच्या बाजूने उजवी. पेशंटच्या बाजूने डावी. आम्ही पेशंटची बाजू धरतो." चुकीच्या बाजूची कोरली तर कितीही चांगली असो, तपासतच नाहीत, म्हणाल्या. मग माझ्याकडे नीट बघितलं आणि त्यांचं हसू गेलं. मला बसा म्हणाल्या. खोलीत पेशंटची खुर्ची सोडून दुसरी नव्हती. मी त्यात बसले, चपला घालून, पाय वर.

त्याला चार महिने झाले.

त्याच संध्याकाळी तुझा फोन आला होता, आठवतं? "ताई, हिचा हात खरंच कापतो का गं? तू तर रोज बघत होतीस." आणि मी काय म्हणाले ते आठवतं? तुला नसेल आठवत. मी म्हणाले, "असेल."

तू जी दवंडी पिटतेस तिचा ढोल मी तुझ्या गळ्यात अडकवलाय. परवा नणंदेशी बोलताना माझा संताप संताप झाला, तो तुझ्यावर नव्हता.

पोरीने माझं नाव घेतलं नाही. तुझ्यासमोर नाही, बापासमोर नाही, माझ्यासमोरही नाही. तुम्ही चार महिने तिला ऐकवताय, ती ऐकून घेतेय. सतरा वर्षांच्या पोरीने माझी मूठ झाकून ठेवली आणि मी पन्नाशीची घोडी तिच्या आडोशाला लपून बसले. एकटीच होते म्हणून असेल. तिला कळलं की मला कळलंय, तर ती परत माझ्या घरी येणार नाही असं वाटलं. ती तशीही आली नाही.

आता कामाचं. लेखीचे मार्क वर्षभर चालतात. फक्त हातकाम पुन्हा द्यायचं. त्याचा फॉर्म पंधरा तारखेला, शनिवारी बंद होतो. ही वेळ गेली की लेखीही गेलं, सगळं पहिल्यापासून. आणि मग ती बसायची नाही, मी ओळखते तिला. दुसऱ्यांच्या काचा पुसत तिथेच राहील आणि तक्रारही करणार नाही.

फॉर्म सोबत घातलाय. मी भरला, डॉक्टरीणबाईंनी तपासला. उजवं-डावं त्यात काही नव्हतं. आई नाहीतर बापाची सही लागते, खाली पेन्सिलीने फुली केलीय तिथे कर. तिची सही तिच्याकडून घे. "पुन्हा बसणार नाही" असं ती म्हणेल. का म्हणते ते आता तुला कळलंय. पुन्हा बसून दाढ बरोबर कोरली तर मागच्या वेळी काय झालं होतं असं कुणीतरी विचारेल ना.

शिकवायला मी नाही. डॉक्टरीणबाई रोज दुपारी शिकवणार आहेत. त्यांच्या दवाखान्यावर एक खोली आहे, तिथेच राहता येईल. माझ्याकडे उतरायची गरज नाही, मी तिकडे फिरकणारही नाही, तसं तिला स्पष्ट सांग. वड्या मी पाठवत जाईन. मेणाला बाजू नसते.

आणि तिला एवढंच सांग, मावशीला कळलंय, आता हात कापतो असं म्हणायचं कारण नाही. तिने माझ्याशी बोलावं असं मी म्हणत नाही. तिचे ट्रे माझ्या खिडकीत आहेत. ऊन आलं की मेण मऊ पडतं म्हणून रोज पडदा ओढावा लागतो, घरात अंधार होतो. ते राहू दे.

मला मंगळवारपर्यंत उत्तर पाहिजे. अकरा तारीख. सही केलेला फॉर्म पाकिटात, आणि तुला मला जे बोलायचं असेल तेही त्याच पाकिटात घाल, हात आखडू नकोस. आलं नाही, तर बुधवारच्या पहिल्या गाडीने मी तुझ्या दारात. मग हे सगळं मला गोटीच्या तोंडाकडे बघत बोलावं लागेल. ते मला जमणार नाही, म्हणून दोन दिवस बसून हे कागद भरलेत. तेव्हा मंगळवार. बुधवार होऊ देऊ नकोस.

जिचं चुकलं ती,
तुझी ताई