यीस्टला घडलेला उपवास

तीर्थस्वरूप ताईच्या पायाशी धाकट्याचा नमस्कार.

तुझे गुडघे आणि दाजींचा खोकला ताब्यात असतील अशी आशा आहे. इकडे मी देवाच्या दयेने ठीक आहे (स्वतः केलेलं स्वतःच जेवतो, तेवढं सोडून). परवा तुझी भावजय बॅग घेऊन तुझ्याकडे आली. मी पिऊन घरी आलो, असं तिने सांगितलं असेल. वास खरा, पिणं खोटं. ती परत यावी म्हणून सगळं पहिल्यापासून लिहितो.

कारखान्यात आम्ही मुदत संपलेली कोल्ड्रिंक, सरबतं, परत आलेले केक टाकीत घालतो आणि त्यात यीस्ट सोडतो. डोळ्यांना न दिसणारे हे जीव साखर खातात आणि तिची दारू करतात. ती वेगळी काढली की गाड्यांच्या पेट्रोलमध्ये जाते, माणसांच्या पोटात नाही. (मुदत संपलेल्यातूनही काही कामाचं निघतं, हे पाहून या वयात मला फार बरं वाटतं.)

सोमवारी कोल्ड्रिंकचा ट्रक आला. बाटल्यांवर ‘शुगर-फ्री’ लिहिलेलं. डॉक्टरांनी माझी साखर बंद केल्यापासून मी तेच पितो, तेव्हा म्हटलं, या मुक्या जिवांनाही चांगलंच मिळावं. अख्खा ट्रक ओतला, हात जोडले, यीस्ट सोडलं. दोन दिवस एक बुडबुडा नाही. मी टाकीला कान लावून बसलेला. बुधवारी दुपारी आमच्या लॅबच्या मॅडम आल्या, रिकाम्या बाटलीवरचं वाचलं आणि शांतपणे म्हणाल्या, “काका, साखरेवर जगणाऱ्यांना तुम्ही उपवास घडवलात. आता जेवायला घाला त्यांना.”

मग फळांच्या रसाची पिंपं ओतली. दोन दिवसांचे उपाशी ते, पहिल्या पंगतीला बसल्यासारखे तुटून पडले. गुरुवारी मी झाकण उचललं आणि फेस उसळून माझ्या डोक्यावरून थेट बुटांत गेला. ताई, जगले गं सगळे. मला अंग पुसायचंही सुचलं नाही, सुट्टी होताच तसाच घरी धावलो, तिला सांगायला. तिने दार उघडलं, एकदा हुंगलं आणि म्हणाली, “पन्नाशी आली, आणि आता हे सुरू?”

मी आनंदात म्हणालो, “अगं, टाकीभर झाली.”

इथे माझं चुकलं.

आईसमोर घेतलेली शपथ अजून शाबूत आहे, एवढं तिला सांग. देवापाशी दिवा मी लावतो, पण तिच्या हातची वात जशी तेवते तशी माझी तेवत नाही. तिला लवकर पाठव.

तुझा धाकटा

ता. क. शपथ शाबूत म्हणजे, फेस थोडा तोंडात गेला. पण तेव्हा मी देवाचं नाव घेत होतो, म्हणून तोंड उघडं होतं.

ता. क. आणखी एक. तिच्याबरोबर पाच किलो साखर पाठव, तुझी भेट म्हणून. लेकरू जेवत नसलं की आई जिभेवर साखर ठेवायची ना, तसं बुधवारी सकाळी मी घरातला मोठा डबा टाकीत रिकामा केला होता. (त्या हौदात तेवढ्याने काय होणार?) माझ्यामुळे घरात चहाही बिनसाखरेचा, म्हणून डबा तिने अजून उघडलेला नाही. तेव्हा हे पत्र तिला सहीपर्यंतच वाचून दाखव.