दाताला लावलेला कलदार

अप्पा, तुमची ती जुन्या रुपयांची लाल कापडाची पिशवी घेऊन मी नांदेडला गेले होते. विकायलाच गेले होते, उगाच दुसरं काही सांगत नाही. भाऊ फोनवर फोन करत होता. त्यानं मोबाईलवर कुठला तरी व्हिडिओ पाहिला, राणीछाप रुपया लाखाला जातो म्हणून, आणि तेव्हापासून त्याला चैन नाही. "ताई, तुझ्याकडं नुसती पडून हाय पिशवी. दाखवून तर ये," म्हणाला. तुमच्यामागे दुकान त्याच्याकडे आलं, पिशवी मात्र तुम्ही जाण्याआधीच माझ्या हातात दिली होती. "असू दे तुझ्याकडं, लागंल," एवढंच म्हणाला होतात तुम्ही. अडीअडचणीला मोडायला दिली असेल, असं मी इतकी वर्षं धरून चालले.

जुनी नाणी घेणारे एक म्हातारे चाचा आहेत, त्यांच्याकडे गेले. त्यांनी भिंगाखाली एकेक रुपया धरला. बहुतेक राजाचे, घरोघरी सापडणारे, त्यांना चांदीचाच भाव. राणीचे त्यातल्या त्यात बरे, पण तिचं नाक झिजून गालाला मिळालेलं. "बेटा, ह्या राणीला किती अंघोळी घातल्या तुम्ही लोकांनी?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं, आई दर लक्ष्मीपूजनाला चिंच लावून, राखेनं घासायची. त्यावर ते कपाळाला हात लावून हसले. शौकीन माणसाला काळा पडलेला, हात न लागलेला रुपया पाहिजे असतो म्हणाले, चकचकीत केला की त्याची किंमत गेली. भावाचा लाखाचा आकडा ऐकून म्हणाले, "ज्यानं व्हिडिओ टाकला त्यालाच विका. मला दलाली द्या फक्त." मीही हसले. तोवर सगळं ठीक होतं.

मग त्यांनी दोन रुपये वेगळे काढले. शहाबादी फरशीच्या तुकड्यावर एक टाकला, थांबले, दुसरा टाकला. "कळला फरक? हा बोलतो. हा मुका आहे, आत शिसं." मी मान हलवली. अप्पा, मला दोन्ही सारखेच ऐकू आले होते. शेजारच्या घरात कुणी भिंतीवर बोट टेकवावं, तसे. मी त्यांना म्हटलं, परत एकदा. त्यांनी परत टाकले. त्यांच्या खांद्याशी उभं असलेलं गिऱ्हाईकसुद्धा दुसऱ्या वेळी तोंड वाकडं करून हसलं, म्हणजे त्याला कळलं होतं. मी पिशवी आवरली, घरी विचारून येते म्हटलं आणि स्टँडवर येऊन लातूरच्या गाडीत बसले. फोन मी डाव्या कानाला कधीपासून धरायला लागले, ते खिडकीशी बसून आठवत राहिले. टीव्हीचा आवाज मोठा होतो म्हणून घरात सगळे चिडतात. त्यांना मी सांगते की दवाखान्यात, माझ्या वॉर्डातल्या गोंगाटानं डोकं उठलेलं असतं, घरी आल्यावर लक्षच लागत नाही.

तुमचं दुकान डोळ्यापुढे येतं. मुखेडहून, भोकरहून माणसं चांदी मोडायला आलेली आहेत, लुगड्याच्या गाठीतून कलदार सुटताहेत. निजामाच्या राज्यात इंग्रजांचा रुपया तो कलदार, आपला तो हाली, हे तुम्हीच मला शिकवलं. मी लहान होते तेव्हा तुम्ही रुपया फरशीवर वाजवून घ्यायचा. नंतर नंतर वाजवणं बंद झालं. रुपया बोटाच्या टोकावर तोलायचा, दुसऱ्या रुपयानं त्याच्या कडेवर हलकेच मारायचं आणि तो थरथरता रुपया पुढच्या दाताला लावायचा. लोक समजायचे तुम्ही चावून बघता. "सावकार, भाकर हाय का ती?" म्हणून एका आजीनं सगळं दुकान हसवलं होतं. आईला ते अजिबात खपायचं नाही. "लक्ष्मी उष्टी करू नका म्हनलं ना," ती स्वयंपाकघराच्या दारातून ओरडायची. तुम्ही मान न वळवता पुढचा रुपया दाताला लावायचा. मला वाटायचं, तुम्ही तिला मुद्दाम चिडवता.

आणि तुमचं ते बोलणं. माझ्या मैत्रिणींना घरी मान खाली घालून बोल म्हणायचे. मी पुस्तकात डोकं घालून काही सांगितलं की तुम्ही रागवायचा, "वर बघून बोल. माझ्याकडं बघून बोल." केवढा अभिमान होता मला त्याचा. माझ्या सासरी, माझ्या मुलीला, सगळ्यांना मी सांगितलंय की माझ्या वडिलांनी मला डोळ्याला डोळा भिडवून बोलायला शिकवलं.

लातूरला घरी आले, ओट्याशी उभी राहिले आणि तुमच्यासारखा रुपया बोटावर तोलला. पहिल्यांदा पडला. मग जमलं. दाताला लावला आणि अप्पा, तो माझ्या कवटीच्या आत वाजला. कानशिलांपर्यंत, लांब, गोड, विझत जाणारा. मुका रुपया लावला, तर नुसता टक होऊन संपला. मी तिथंच खाली फरशीवर बसले. तो खोटा रुपया पिशवीत कसा, हे कोडंही तेव्हाच सुटलं. तुमच्यासारखा माणूस शिशाला फसला, तो कानानं तपासत होता तेव्हाच कधीतरी फसला असणार. मग तुम्ही दात शोधलात, आणि खोटा रुपया खऱ्याच्या जोडीला ठेवून दिलात, दाताला फरक पाठ करून देण्यासाठी. इतकं सगळं केलंत, आमचे ओठ वाचलेत, आणि कमी ऐकू येतं हे आम्हाला एका शब्दानं सांगितलं नाहीत.

तुमचा रुपया चुकला असता तर चांदीचं नुकसान झालं असतं. माझं काम तसं नाही, अप्पा. बाळंतपणाच्या वॉर्डात मी पोटातल्या लेकराचे ठोके ऐकते. मशीन आहे, त्याचा आवाज मी मोठा ठेवते, बाकीच्या सिस्टर चेष्टा करतात की ताईंना अख्ख्या गावाला ऐकवायचं असतं. परवा मशीन बंद पडलं. पोटाला टेकवायचं जुनं नळकांडं घेतलं, कान लावला, आणि काही नाही. जागा बदलली. काही नाही. ती पोरगी इस्लापूरकडची, पहिलटकरीण, माझ्या तोंडाकडे बघून राहिलेली. "बाई, हाय ना वो?" तिनं विचारलं. त्या क्षणी मला ते लेकरू गेलं असंच वाटलं. धाकट्या सिस्टरला हाक मारली. तिनं कान टेकवला आणि लगेच हसली. "हाय की ताई, घोड्यावानी पळतंय." ती पोरगी रडायला लागली, मी तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले. लेकरू सुखरूप होतं हे कळल्यावर मी जास्त घाबरले. उलटंही झालं असतं, अप्पा. थांबत आलेला ठोका मला चालता वाटला असता.

मी दाताला लावून लेकराचा ठोका ऐकू शकत नाही. म्हणून त्याच दुपारी मोठ्या डॉक्टरबाईंकडे गेले आणि सांगितलं, मला कमी ऐकू येतं, मला ठोक्यांची ड्युटी देऊ नका. बोलताना मान वर होती. त्यांनी कान तपासायला पाठवलं. तिथल्या डॉक्टरनं लोखंडी चिमटा वाजवून कानापुढे धरला, मग तोच कानामागच्या हाडावर टेकवला. हाडावर स्पष्ट वाजला. घरात कुणाला होतं का, त्यानं विचारलं. मी तुमचं नाव सांगितलं. तुम्ही कधी कबूल केलं नव्हतं, ते मी तुमच्यावतीनं केलं, रागावू नका. ऑपरेशन होतं म्हणाला, कानाचं मशीनही असतं. हे बहुतेकदा रक्तात असतं, हेही म्हणाला.

तेव्हापासून आपला खेळ आठवतोय. मला पाठमोरी बसवायचा, मागे रुपया वाजवायचा आणि विचारायचा, खरा का खोटा? बरोबर सांगितलं की रेवडी. भावाला कधी बसवलंत का आठवत नाही, मला मात्र लग्न ठरेपर्यंत बसवलंत. धंदा शिकवताय असं वाटायचं. मी सांगून झाल्यावर तुम्ही डोळे मिटायचा, रेवडी द्यायला विसरायचा, मला मागावी लागायची.

आज संध्याकाळी माझी मुलगी टेबलाशी पाठमोरी अभ्यास करत बसली होती. मी स्वयंपाकघरातून खरा रुपया फरशीवर टाकला, मग मुका टाकला. तिनं मान न वळवता विचारलं, "आई, दुसरा असा काय वाजला गं?"

मी डोळे मिटून घेतले. तिच्या वयात मलाही सगळं ऐकू यायचं, हे मला माहीत आहे. तरी मिटले.

"काही नाही," मी म्हटलं, "हातातून पडला."